एका पंगतीचे शिक्षण : कर्मवीर भाऊराव पाटील

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शिक्षणाचा विषय निघाला आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आले नाही, असे सहसा घडत नाही. आपल्यापैकी कित्येकांचे वडील वा आजोबा 'रयत'च्या शाळेत शिकले आहेत. तरीसुद्धा विद्यार्थ्यांना विचारावे, तर दाढीवाला, खादीचे कपडे घातलेला, भिंतीवरच्या तसबिरीतला एक वृद्ध गृहस्थ एवढीच ओळख सांगता येते. हा गृहस्थ आपल्या कामाला लागला तेव्हा ऐन तारुण्यात होता, मॅट्रिकही झालेला नव्हता आणि पोटासाठी गावोगाव लोखंडी नांगर विकत होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांची बदली होत असे आणि मुलाचे बालपण आजच्या सांगली-सातारा भागातील निरनिराळ्या गावी गेले. अंगाने दणकट, कुस्तीचा शौकीन, अभ्यासात यथातथाच आणि अन्याय दिसला की हात उचलणारा असा हा मुलगा होता. अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या लोकांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्याने एका विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. पाण्याचा प्रश्न रहाट मोडून सुटत नाही हे त्याला पुढे कळले असावे, कारण मोडण्याचे काम त्याने सोडले आणि उभारण्याचे काम हाती घेतले.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला गेले. त्या वेळचे कोल्हापूर डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्यांचे कार्य नीट समजणार नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी खेड्यातील मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली होती. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे आणि त्याच सुमारास जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली व तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. कोल्हापूरचे मुस्लिम बोर्डिंग आपल्या वाचकांना परिचित आहेच. अशा रीतीने एकेका समाजाला एकेक घर मिळाले. ज्या मुलांना शहरात कोणी ओसरीवरही उभे करीत नव्हते, त्यांना निजायला जागा आणि जेवायला ताट मिळाले. हे उपकार लहान नव्हेत. ज्या काळी दुसऱ्याच्या घरात प्रवेशच नव्हता, त्या काळी आपले स्वतःचे घर बांधणे हाच मार्ग होता, असे मला वाटते.

भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर स्नान करून मगच पंगतीला बसावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी स्नान करण्याचे नाकारले. माणसाला भेटून आल्यावर अंग धुवावे असे आपल्या हातून काय घडले, हा त्यांचा प्रश्न होता. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः सुधारक व विद्वान गृहस्थ होते, परंतु शिस्तीपुढे त्यांचा इलाज चालला नसावा. भाऊरावांना बोर्डिंगमधून जावे लागले. काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाला राहून त्यांनी शिक्षण रेटले, पण मॅट्रिकचा उंबरठा काही ओलांडता आला नाही.

येथे चरित्रातील एक प्रसंग मुद्दाम सांगितला पाहिजे. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर अतोनात दडपण आणले गेले. ज्यांनी आपल्याला जेवणाच्या पानावरून उठविले त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. कोठडी भोगली, छळ सोसला, आणि तो असह्य झाल्यावर जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण शब्द फिरविला नाही. विशेष म्हणजे हे सारे ज्या कोल्हापूर संस्थानात घडले, त्याच संस्थानच्या शाहू महाराजांचे नाव त्यांनी पुढे आपल्या वसतिगृहाला दिले. मनात अढी धरून बसणाऱ्या माणसाला हे जमले नसते.

त्यानंतर पोटापाण्याचा प्रश्न आला. साताऱ्यात शिकवण्या झाल्या, मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून भाऊराव गावोगाव हिंडू लागले. ओगल्यांच्या काचकारखान्यासाठीही त्यांनी काम केले. विद्यार्थी मित्रांनी या नांगराची गोष्ट नीट समजून घ्यावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर तयार केला आणि १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्या काळचा हा नवा यंत्रयुगाचा उद्योग होता. परंतु लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर हरळी-कुंद्याच्या मुळांशी पोचत नसे, लोखंडी फाळ खोल जाऊन ती उपटून काढी, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत कोणी विश्वास ठेवीत नसे. विक्रेत्याला शेतात उतरून, स्वतः बैल हाकून नांगरून दाखवावे लागे.

या भटकंतीने भाऊरावांना सातारा, सांगली, कोल्हापूरचा मुलूख तळहातासारखा पाठ झाला. शेतकऱ्याच्या घरी भाकरी खाऊन त्याच्याच ओसरीवर ते निजत. नांगर घेणाऱ्याला पावती वाचता येत नाही, सावकाराने कागदावर काय लिहिले ते कळत नाही, अंगठा उठविल्यावर जमीन कोणाची झाली ते समजत नाही, असे चित्र त्या काळी घरोघर होते. फाळ कितीही चांगला असो, तो धरणारा निरक्षर राहिला तर पिकाचा फायदा दुसऱ्याच्याच घरी जाणार. भाऊरावांच्या पुढील कार्याचे मूळ या भटकंतीत आहे, असे मी मानतो. हल्ली तंत्रज्ञान, सर्वसमावेशक समाज, शाश्वत विकास असे मोठमोठे शब्द आपण भाषणांतून ऐकतो. हे शब्द त्या काळी चलनात नव्हते, पण नांगर आणि पाटी एकाच गाडीतून गावात नेणारा माणूस साताऱ्याच्या रस्त्यांवर हिंडत होता.

आता मुख्य कार्याकडे वळू. १९१० च्या आसपास वारणाकाठच्या दूधगावात भाऊरावांनी काही तरुण सोबत्यांच्या मदतीने सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. तेव्हा त्यांचे वय तेवीसच्या आसपास होते. पुढे कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक विचाराच्या मंडळींमध्ये शिक्षणसंस्थेचा विचार पक्का झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थापकाचे वय बत्तीस वर्षांचे, हाताशी भांडवल जवळजवळ शून्य. नावात जात नाही, धर्म नाही, प्रांत नाही. रयत म्हणजे प्रजा, सामान्य माणूस. हा शब्द मुळात अरबीतून आलेला, आणि सातारच्या शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळलेला की तो परका आहे असे कोणाला वाटतही नाही.

१९२४ साली संस्थेचे ठिकाण साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. सुरुवातीला मुले भाऊरावांच्या राहत्या घरीच होती. नंतर धनिणीच्या बागेत बिऱ्हाड गेले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी, सगळ्यांची चूल एक आणि पंगत एक. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या असत. पाळी कोणाची आहे हे पाहून कोणाला भूक कमी-जास्त लागत नसे. डोंगरातून सरपण आणणे, दळण, पाणी भरणे, झाडलोट, शेतातले काम हे सारे मुलेच करीत. गावातल्या बायकांनी रोज दळताना मूठभर धान्य बाजूला काढावे आणि मुलांनी ते घरोघर जाऊन गोळा करावे, असा मुष्टिफंड चाले. म्हणजे ज्या माउलीच्या घरात अक्षरओळख नव्हती, तिच्या मुठीनेही शाळा चालली.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले असता त्यांनी हे वसतिगृह पाहिले आणि त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले गेले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात आणि एकत्र जेवतात हे पाहून गांधीजींना मोठे समाधान झाले. पुढे १९३२ साली पुणे करार झाल्यावर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. युनियन म्हणजे ऐक्य. करार कागदावर झाला होता, तो ताटात कसा उतरवायचा हे या बोर्डिंगाने दाखविले.

पालकबंधूंनो, येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि आपल्यासारख्या संस्थेला तो टाळता येणार नाही. शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाला वेगळे घर दिले, त्यांच्याच छायेत वाढलेल्या भाऊरावांनी सर्वांना एका घरात आणले. यात बरोबर कोण? माझ्या अल्पमतीप्रमाणे हे दोन मार्ग एकमेकांचे शत्रू नाहीत. वेगळ्या बोर्डिंगांनी त्या त्या समाजातील पहिली शिकलेली पिढी तयार केली. ती पिढी नसती तर एका पंगतीला बसायला मुले आली कोठून असती? परंतु भाऊराव स्वतः त्या वेगळ्या घरातून बाहेर घातले गेले होते. आपल्या घराच्या भिंती आपल्याला थंडीवाऱ्यापासून राखतात, तशाच त्या शेजाऱ्याला बाहेरही ठेवतात, हे त्यांनी अंगावर झेलले होते. समाजाने संस्था काढावी, जरूर काढावी. मात्र तिच्या दारात दुसऱ्याचे मूल आले तर त्याला परत पाठवायचे की आत घ्यायचे, आणि आपले मूल दुसऱ्याच्या संस्थेत गेले तर त्याला धीर द्यायचा की भीती घालायची, हे आपणच ठरवायचे आहे. कोयनेसारख्या ठिकाणी, जेथे धरणाच्या कामानिमित्त नाना जातिधर्मांची माणसे एका वसाहतीत राहिली आणि १९६७ च्या ११ डिसेंबरच्या भूकंपात एकाच मोकळ्या मैदानावर आली, हा प्रश्न पुस्तकी नाही.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. त्या कुंभोजच्याच एका सुखवस्तू पाटील घराण्यातल्या, सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. घरात अस्पृश्य मुले आली तेव्हा त्यांना ते जड गेले. यात नवल नाही. नवल आहे ते पुढे. हळूहळू त्या सर्व मुलांच्या आई झाल्या. मुलांची दुखणीखुपणी त्यांनी काढली, त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या. माहेरचे आणि सासरचे मिळून शंभर तोळ्यांवर सोने अंगावर होते, ते एकेक करून मोडीत गेले. एकदा भाऊराव परगावी असताना बोर्डिंगातले धान्य संपले. दुकानदार उधार देईना. मुले उपाशी निजणार, असे दिसताच लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणविले. ज्या काळी सौभाग्याचे लेणे उतरविणे म्हणजे अशुभ मानीत, त्या काळी एका धार्मिक वृत्तीच्या स्त्रीने हे केले. १९३० साली, वसतिगृह नुकते कोठे स्थिरावत असताना, त्या वारल्या. संस्थेच्या शाखांचे आकडे सांगणाऱ्या भाषणांत त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकतो, हे मला नेहमी खटकते. भाऊराव पैसा मिळविण्यासाठी हिंडत होते तेव्हा घर आणि बोर्डिंग कोणी चालविले, हे मुलींना तरी सांगितले गेले पाहिजे.

नांगरांचा धंदा भाऊरावांना शेवटपर्यंत लाभला नाही. किर्लोस्करांकडून ते सातारच्या कूपर यांच्या कारखान्याकडे गेले. नफ्याचा काही वाटा शिक्षणासाठी मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, तंटा विकोपाला गेला आणि भाऊराव बाहेर पडले. त्यानंतर संस्था हाच त्यांचा एकमेव व्यवसाय झाला.

तरुणांच्या हाती काम सोपविण्याची त्यांची रीत पाहण्याजोगी आहे. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. खेड्यातले मूल शिकवायचे तर शिक्षक खेड्यातलाच हवा, हे त्यामागचे सूत्र होते. येथून तयार झालेली मुले, बहुतेक विशीच्या आतबाहेरची, जिल्ह्याच्या डोंगरी भागांत पाठविली गेली. जेथे सरकारी शाळा नाही तेथे व्हॉलंटरी शाळा काढावयाची, असा उपक्रम होता. एक शिक्षक, एक देऊळ, चावडी किंवा झाडाची सावली, आणि सर्व वर्ग एकत्र. अशा शेकडो शाळा निघाल्या. पावसाळ्यात ओढे फुगले की आठ-आठ दिवस बाहेरच्या जगाशी संबंध नाही, पगार तुटपुंजा, गावात राहायला जागा मिळेलच असे नाही. आमच्या डोंगरी मुलखात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना याची कल्पना येईल. आज आम्ही बदलीचा हुकूम हाती पडताच बसची सोय आधी पाहतो, हेही खरे.

१९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाने साताऱ्यात मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. फी नाही, पण काम आहे, असा तेथील नियम. मुले सकाळी माळावर कुदळ चालवीत, दगड फोडीत, झाडे लावीत, बांध घालीत आणि मग वर्गात बसत. ज्या जागेवर गवतही धड उगवत नव्हते तेथे शेती आणि बागा झाल्या. शाळेच्या इमारतीला जे दगड लागत ते पुष्कळदा शाळेतल्याच मुलांच्या घणाखालचे असत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा व शिका ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोचली. या कॉलेजसाठी एका दात्याने मोठी देणगी देऊ केली होती, मात्र शिवाजी महाराजांच्या नावाऐवजी दुसरे नाव द्यावे अशी अट होती. भाऊरावांनी देणगी नाकारली, नाव ठेवले. आज महाराष्ट्रातील विद्यापीठांत कमवा व शिका योजना चालू आहे, तिची मुळे या माळावर आहेत.

अडचणीही आल्याच. १९४८ च्या सुमारास त्यांच्या एका भाषणावरून गैरसमज होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांचे पगार थकले. शिक्षकांनी अर्धपोटी काम केले, लोकांनी धान्य आणि पैसा दिला, वृत्तपत्रांतून आवाज उठला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. याच काळात गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता. अनुदान बंद असताना असा संकल्प करणे व्यवहारी माणसाला वेडेपणाच वाटेल. भाऊरावांच्या हयातीतच हायस्कुलांची संख्या शंभराच्या पुढे गेली.

१९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले. स्वतः निरक्षर असलेल्या, खराट्याने गावे झाडणाऱ्या संताचे नाव महाविद्यालयाला देण्याची कल्पना भाऊरावांनाच सुचावी. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, साताऱ्यात शिक्षकांसाठी पदवी अभ्यासक्रमाचे महाविद्यालय निघाले, त्याला आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन हे नाव मिळाले. शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज, आझाद ही नावे एका माळेत ओवणारा माणूस आपली पंगत कोणाकोणाची आहे हे न बोलता सांगत होता. पुढे संस्थेच्या साताऱ्यातील विधी महाविद्यालयाला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव देण्यात आले. रयतेच्या घरात मुसलमान हा पाहुणा नव्हता, एवढे या नावावरून आपल्या मुलांना समजावे.

१९५९ च्या आरंभी भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. तोवर प्रकृती पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी आपल्या कोयनेच्या धरणाचे काम चालू होते. आज रयत शिक्षण संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. साताऱ्यात, त्यांनी मुलांना घेऊन माळ फोडला त्याच परिसरात, त्यांची समाधी आहे. सहलीला अजिंक्यताऱ्यावर मुले नेणाऱ्या शिक्षकांनी गाडी थोडी अलीकडे थांबवावी. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र ज्यांच्या धान्यासाठी गेले ती मुले जेथे राहिली, जेवली आणि शिकली ते ठिकाण तेथून फार दूर नाही.